बंद म्हणजे जोडलेलं

सॉफ्टवेअरवाल्या भाच्याला सगळं दुरुस्त करता येतं, असा आमच्या आजोळी एक समज आहे. टीव्हीचा रिमोट झाला, इन्व्हर्टर झाला, यावेळी मामाच्या होडीचं आउटबोर्ड इंजिन.

तर झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत देवबागला गेलो होतो. ऐन सीझन, आणि मामाची पर्यटकांना फिरवायची होडी कर्लीच्या खाडीत नुसती नांगरून पडलेली. किल्ली फिरवली की स्टार्टर गरागरा फिरायचा, पण इंजिन काही सुरू होईना. मेकॅनिक दोन दिवसांनी येणार. मग मी मल्टीमीटर घेऊन (हो, मी सुट्टीवर मल्टीमीटर नेतो, हसा!) पुढे सरसावलो.

प्लग काढून इंजिनाला टेकवून पाहिला. ठिणगीच नाही. मी आपलं गाडीचं गणित लावलं. गाडीत किल्ली 'ऑन' केली की इग्निशनला बॅटरीचा करंट मिळतो, 'ऑफ' केली की तुटतो. म्हणजे कुठेतरी वायर तुटली असणार. तासभर शोधली. नव्हतीच तुटलेली.

मग ट्यूब पेटली. या इंजिनात ठिणगीची वीज फ्लायव्हीलखालच्या मॅग्नेटोतून येते, बॅटरीतून नाही. म्हणून तर बॅटरी मेली तरी दोरी ओढून ते सुरू करता येतं. मग बंद कसं करायचं? त्यासाठी एक स्टॉप वायर असते. किल्ली 'ऑफ' केली की स्विच तिला अर्थला जोडतो आणि ठिणगी मरते. म्हणजे इथे बंद म्हणजे तुटलेलं नव्हे, जोडलेलं! ही वायर तुटली तर इंजिन थांबणार नाही, आणि नको तेव्हा अर्थ झाली तर सुरू होणार नाही.

प्लग परत बसवला, इंजिनाजवळ स्टॉप वायरचं कनेक्टर सोडलं, गिअर न्यूट्रलला आहे ना बघितलं आणि किल्ली मारली. धडाधड सुरू!

"चालू झाला मां? मग चल, पावणे वाट बघतत," मामा.

तेवढ्यात खलाशी म्हणाला, "पण मग ही तांबडी दोरी वडल्यार बंद होतला काय?"

चालवणाऱ्याने अंगाला अडकवायची ती दोरी. तो पाण्यात पडला की ती सुटते आणि इंजिन थांबतं. नाहीतर मोकळी होडी गोल फिरून पंख्यासकट त्याच्याच अंगावर येऊ शकते. दोरी ओढली. इंजिन चालूच. किल्ली 'ऑफ' केली. चालूच. दोघांचं काम त्याच वायरवर, आणि ती तर मीच सोडलेली. शेवटी चोक ओढून घुसमटवून बंद केलं. ऑफिसात असले 'तात्पुरते' उपाय मी कितीदा लाइव्ह केलेत, ते आठवून घाम फुटला.

"मामा, आज फेरी नाही." मामाचं तोंड एवढंसं झालं.

मग नीट बसलो. दोरीचा स्विच सुटा करून तपासला, ठीक होता. किल्लीच्या स्विचच्या सगळ्या वायरी काढल्या, किल्ली 'ऑन' ठेवली आणि स्टॉप व अर्थच्या टर्मिनलना मीटर लावला. बीप यायला नको होती. आली! उघडला तर खाऱ्या पाण्याने आत हिरवा थर.

दुसऱ्या दिवशी बोटीचाच नवा स्विच बसवला, कनेक्टर परत जोडलं. किल्लीने सुरू, दोरीने बंद. पुन्हा सुरू, किल्लीने बंद. खलाशाकडून दहा वेळा करून घेतलं.

मामा आता गावभर सांगतो, "भाच्यान इंजिन बंद करून दिल्यान." लोक हसतात. पण खरं काम तेवढंच तर होतं.