लेण्यांतील नावे

मावळात राहूनही आपण कार्ले-भाज्याला बहुधा पावसाळी सहलीपुरतेच जातो. एके वर्षी आम्ही वसतिगृहातील मुलांसह, सोबत एक वाटाड्या घेऊन, संपूर्ण दिवस या दर्शनासाठी राखून ठेवला.

भाज्याला वाटाड्या म्हणाला, ‘‘ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली.’’ मुले आमच्याकडे पाहू लागली. आम्ही त्यांना चौदा स्तूपांच्या समूहापाशी नेले. तेथे धम्मगिरी, संघदिन अशा थेरांची नावे ब्राह्मी लिपीत आजही आहेत.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे 124 फूट लांब. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांच्या. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने त्याला जंबुद्वीपातील सर्वोत्तम शैलगृह म्हटले आहे. खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत आणि दाराशी सामी नावाच्या सुताराचे! ‘‘सर, सुताराचेही नाव कोरायचे?’’ एका मुलीने विचारले. ‘‘होय,’’ आम्ही म्हणालो, ‘‘येथे दान आणि श्रम यांना जात विचारली गेली नाही.’’

सायंकाळी देहूरोडला पोहोचलो. 25 डिसेंबर 1954 रोजी, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेआधी दोन वर्षे, बाबासाहेबांनी येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मुले न सांगता रांगेत बसली.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते : मुलांना लेण्यांवर न्याल, तेव्हा छायाचित्रांआधी त्यांना ती नावे दाखवा. दंतकथा इतिहासाची जागा घेते, ती आपण ही नावे वाचत नाही म्हणून.