सेवेचा सन्मान

वार्षिक समारंभ जवळ आला, की सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांपैकी समाजसेवा व नेतृत्व यांसाठी कोणाचा गौरव करावा, हा प्रश्न आम्हां शिक्षकांपुढे उभा राहतो. अभ्यासातील क्रम गुणपत्रिका ठरविते, धावण्याचा निकाल घड्याळ सांगते. सेवेला असे माप नाही. शिवाय बक्षिसासाठी केलेली सेवा ही सेवा उरते काय, अशी शंका पालकही बोलून दाखवितात. ती रास्त आहे.

अशा वेळी आम्हांस महावग्गातील प्रसंग आठवतो. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतरच तथागतांनी संघाला बोलावून रुग्णसेवेचा उपदेश केला. आधी हात पुढे करावा, मग बोलावे, हाच आम्ही नेतृत्वाचा अर्थ मानतो.

निघोज्याच्या परिसरात, चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, कित्येक आईवडील पाळ्यांमध्ये राबतात. सुट्टीत घरी गेलेली सातवीतील मुलगी चाळीतल्या आजींना औषधाच्या वेळा समजावून देते. आठवीतील मुलगा वसतिगृहात रात्री रडणाऱ्या नवख्या मुलाच्या उशाशी बसतो. ही कामे व्यासपीठावरून दिसत नाहीत. म्हणून आम्ही लहान मुलांना, स्वयंपाकघरातील मावशींना विचारतो, ‘अडचण आली तर कोणाकडे जाता?’ जे नाव पुनःपुन्हा येते, ते आम्ही लिहून घेतो.

एका वर्षी अशाच एका विद्यार्थ्याचे वडील रात्रपाळी संपवून, कंपनीच्या गणवेशातच आले होते. ‘गुरुजी, पोराचा पहिला नंबर आला का?’ त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, ‘नंबर नाही. वसतिगृहातली लहान मुले रडू आले की त्याच्याकडे जातात.’ त्यांनी काही न बोलता डोळे पुसले.

पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. आपल्या समाजासाठी उचललेल्या लेखणीचा तो सन्मान होता; तिचे म्हणणे चार लोकांपर्यंत पोहोचले. आम्हीही चषकाऐवजी मुलाने केलेले काम सभेत वाचून दाखवितो आणि जूनमध्ये येणाऱ्या नव्या मुलांची जबाबदारी त्याच्यावर सोपवितो. सेवेचे बक्षीस म्हणून अधिक सेवाच हाती येते, तेव्हा पालकांच्या त्या शंकेलाही बरेचसे उत्तर मिळते.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी अनेकांची नावे कधी पुकारली गेली नसतील. तरीही तुम्ही ज्याच्या उशाशी बसला होता, त्याला ती रात्र आठवत असेल. येत्या जूनमध्ये एक दिवस जरूर या. नवी मुले आलेली असतील.