वडिलांचं ‘आर’

पाचवीच्या वहीत मी एक वाक्य लिहिलं होतं : ‘माय फादर आर फार्मर.’ सरांनी त्यावर लाल शाईची रेघ मारली, ‘एकाला आर कसं?’ एवढंच विचारलं आणि वही पुढे सरकवली. वरच्याच ओळीत ‘माय मदर इज’ असं होतं, ते बरोबर होतं. एकाच मुलीच्या हातून आईचं बरोबर आणि वडिलांचं चूक का झालं, हे मला कुणी सांगितलं नाही. उत्तर सापडायला एम.ए.चा वर्ग उजाडावा लागला.

माझं गाव माणदेशातलं. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. ते पहिलीपासून आलं २००० साली. आमच्या घरात इंग्रजीचं एकच पुस्तक होतं, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, तीही मधली पानं निखळलेली. एक वाक्य मराठी, एक इंग्रजी, असं घोटत मी ही भाषा शिकले. दोन भाषा शेजारी मांडून बघायची सवय तिथेच लागली. गेली तेवीस वर्षं मी तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. बोर्डाच्या लेखी ही ‘तृतीय भाषा’. वह्या तपासताना मात्र मला प्रत्येक पानावर पहिली भाषाच भेटते.

आपण ‘आई आली’ म्हणतो आणि ‘वडील आले’. आई एकवचनात, वडील आदरार्थी बहुवचनात. इंग्रजी वाक्य लिहिताना मूल हा आदर सोबत घेऊन येतं आणि तो ठेवायला ‘आर’ हीच एक जागा त्याला सापडते. त्याला व्याकरण येत नाही असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला मराठीचं व्याकरण इतकं पक्कं येतं की ते परक्या भाषेतही सुटत नाही. माझ्या वर्गापुरतं सांगते, बाबांना ‘अरे बाबा’ म्हणणारी मुलं वाढली तसं वह्यांतलं हे ‘आर’ कमी होत गेलं. आजोबांच्या बाबतीत ते अजून टिकून आहे.

आणि इंग्रजीनेही नेमकं हेच केलेलं आहे! एकेकाळी तिच्यात समोरच्या एकासाठी ‘दाउ’ होतं आणि अनेकांसाठी ‘यी’ आणि ‘यू’. तेराव्या शतकापासून, फ्रेंचच्या वळणाने, मोठ्या माणसाला तो एकटा असला तरी बहुवचनी हाक मारायची रीत पडली. पुढे ती सगळ्यांसाठीच रूढ झाली आणि प्रमाण इंग्रजीतून ‘दाउ’ मागे पडलं. म्हणून आजही समोर एकच माणूस असला तरी आपण ‘यू आर’ म्हणतो. तिथे ‘एकाला आर कसं?’ असं कुणी विचारत नाही.

शेक्सपिअरच्या काळात दोन्ही रूपं वापरात होती. ‘किंग लिअर’च्या पहिल्याच प्रवेशात राजा धाकट्या मुलीला हाकलतो, तेव्हा त्याचा एकनिष्ठ सरदार केंट आधी अदबीने बोलतो, राजा ऐकत नाही म्हटल्यावर तो भर दरबारात ‘दाउ’वर येतो. केवढं धाडस आहे ते! आज ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला तो धक्का तळटीप वाचून समजून घ्यावा लागतो. माझ्या नववीतल्या मुलांना मी फक्त एवढंच सांगते की नोकर मालकाला भर सभेत ‘अरे’ म्हणाला, आणि वर्ग एकदम गप्प होतो.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे ‘फीवर केम टु मी’. मराठीत ताप येतो, झोप येते, राग येतो. आपण नुसते बसलेले असतो आणि या गोष्टी पाहुण्यासारख्या आपल्याकडे येतात. भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं, गावात सिनेमा लागतो. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी ‘आय’ला पुढे होऊन उभं राहावं लागतं. हा फरक फळ्यावर मांडायला मला पूर्ण तास लागतो. अभ्यासक्रम मागे पडतो, पण तो तास मी सोडत नाही. आदल्या रात्री मोल्सवर्थचा कोश काढून ‘लागणे’ वाचून ठेवते. तो कोश १८३१ सालचा, माझ्याकडे १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण आहे. वाचनातला माझा सगळ्यात जुना सोबती.

एकदा एका मुलाने ‘मंगूस’चं अनेकवचन ‘मंगीज’ लिहिलं. ‘गूस’चं ‘गीज’ होतं, मग याचंही व्हायला हवं, हा त्याचा हिशेब. मी त्याला विचारलं, ‘तुमच्या रानात याला काय म्हणतात?’ ‘मुंगूस,’ तो म्हणाला आणि थबकला. हा शब्द इंग्रजीने मराठीकडून घेतलेला आहे, बदकाच्या जातीच्या त्या ‘गूस’शी त्याचं काही नातं नाही, म्हणून ‘मंगूसेस’. त्यानंतर महिनाभर तो रोज एक शब्द घेऊन यायचा, ‘मॅडम, हा पण आपला का?’

वडिलांच्या ‘आर’वर मी रेघ मारत नाही. त्याच्याभोवती गोल करते, शेजारी मराठीत ‘ते’ लिहिते आणि खाली ‘इज’. मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलीने तो गोल बघून विचारलं, ‘मॅडम, मग वडील मोठे आहेत हे इंग्रजीत कळणार कसं?’ मी म्हटलं, ‘या वाक्यात त्याला जागा नाही. पुढच्या वाक्यात तुला सांगावं लागेल.’

सुट्टी संपायच्या आत तिने वही आणून दिली : ‘माय फादर इज अ फार्मर. ही गिव्ह्ज वॉटर टु द बुलक्स फर्स्ट. देन ही ड्रिंक टी.’ शेवटच्या क्रियापदाचा ‘एस’ राहिला होता. तो मी दुसऱ्या दिवशी दाखवला.