केदारकंठा की बदामी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

रजा मंजूर झाली. १७ ते २५ जानेवारी, वर २६ चा सोमवार. डिसेंबरअखेर आमच्या शाखेत कुणालाच सोडत नाहीत, त्यामुळे हिवाळी सहल म्हणजे जानेवारी हे ठरलेलंच. माझ्या अर्जावर सही व्हायच्या आधीच नवऱ्यानं केदारकंठ्याचं नाव काढून ठेवलं होतं. डेहराडूनहून दिवसभर गाडी हाकत सांक्री, मग बर्फातून जुडा का तालाब, शेवटच्या दिवशी रात्री तीनला डोक्याला बॅटरी बांधून निघायचं आणि उजाडताना ३,८०० मीटरवर उभं राहून स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काला नाग बघायचे. बोलताना त्याचे डोळे लुकलुकत होते. मी विचारलं, "दुपारी चारला मुक्कामी पोचल्यावर काय करायचं?"

"तंबूत बसायचं. पत्ते खेळायचे."

खालच्या मजल्यावरच्या काकू नेहमी म्हणतात, तुम्ही दोघं फार ॲक्टिव्ह. असू. पण हा डोंगरवाला आणि मी पाण्यातली नि सायकलवरची. याला दिवसाच्या शेवटी एक टोक गाठलेलं लागतं. मला दिवसभर हातपाय हलते लागतात, टोक नसलं तरी चालतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसात बातमी फुटली. सूचनांचा पाऊस. केरळची हाउसबोट (तिथं हातपाय हलतात ते जेवताना), दुबई, व्हिएतनाम. कॅशिअरबाई म्हणाल्या, काश्मीर करून टाका. पहलगामच्या हल्ल्यानंतर आमच्या घरात हे नाव निघालं की आई टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यात गेलेल्या महाराष्ट्रातल्या सहा जणांत पुण्याचेही दोघं होते. मला स्वतःला तेवढ्यानं तिकडे पाठ फिरवणं पटत नाही, पण सासूबाईंना नऊ दिवस घोर लावून मजा करणं त्याहून पटत नाही.

गुलमर्गबद्दल माझी शंका वेगळी आहे. स्कीइंग शिकायची हौस मला आहेच. पण बर्फ येतं ते भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांच्या भरवशावर. ते आले नाहीत तर चिल्लई कलानच्या ऐन चाळीस दिवसांतही उतार कोरडे राहतात. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गला तेच झालं. लोक गोंडोलातून तपकिरी गवत बघत वर गेले. औलीचंही तसंच. दक्षिण आशियाई हिवाळी खेळ तिथं झाले ते २०११ मध्ये. आता जोशीमठची जमीन खचल्यापासून, म्हणजे २०२३ च्या जानेवारीपासून, रोपवे बंद आहे. त्यातून कृत्रिम बर्फाच्या पट्टीवर घसरायला दीड हजार किलोमीटर जायचं? आधी तिकीट काढून मग आभाळाकडे बघत बसायचा प्रकार आहे हा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सिंहगड. चढताना हा माझ्या पुढे, उतरताना बराच मागे. पायऱ्यांवर डावा पाय आधी टाकतो, उजवा नुसता खाली आणून ठेवतो. विचारलं तर म्हणे बूट नवे आहेत. बूट मागच्या दिवाळीचे.

संध्याकाळी फिजिओथेरपिस्टकडे ओढत नेलं. बाई तरुण आहेत, पण भीडभाड नाही. गुडघा दाबून, वाकवून, स्टुलावर चढउतार करायला लावून म्हणाल्या, "काका, चढ कितीही चढा. उतार मोजून उतरा." उतरताना मांडीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतो, शिवाय वाटीमागे दाब वाढतो. बर्फात पाय फसला की आणखी. हा घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "केदारकंठ्याला काठ्या वापरू."

१६ नोव्हेंबर, रविवार

आज वहीत हिशेब मांडला. पैशांचा नाही, तो सोपा आहे. हलत्या तासांचा. प्रत्येक ठिकाणासाठी: घर सोडल्यापासून परत येईपर्यंत जागेपणीचे किती तास आपण स्वतःच्या पायांवर, हातांवर, चाकांवर असणार आणि किती तास कुणीतरी आपल्याला वाहून नेणार.

केदारकंठा यात मार खातं. विमान, मग सांक्रीपर्यंतचा पूर्ण एक दिवस, तसाच परतीचा. चालणं दिवसाला चार-पाच तास. जानेवारीत त्या अक्षांशावर उजेड जेमतेम सव्वादहा तास, आणि सूर्य डोंगराआड गेला की थंडी माणसाला तंबूत हाकलते. चोपता-चंद्रशिला बघितलं, तुंगनाथाची उत्सवमूर्ती एव्हाना मक्कूमठला उतरलेली असते, दारं बंद. देव खाली येऊन राहतो त्या महिन्यांत आपण वर जायचं, हे याला रोमांचक वाटतं. मला नाही.

अंदमानात पाणी सुरेख, पण घड्याळ मुंबईचं आणि सूर्य ब्रह्मदेशाचा. पाच-सव्वापाचला अंधार. आणि पाण्याखाली जायला याचे कान तयार नाहीत, हे तारकर्लीलाच कळलंय.

कच्छचा विचार मी मनापासून केला. खावडा ते धोळावीरा हा रणातून सरळ जाणारा रस्ता, दोन्हीकडे मीठ, टोकाला पाच हजार वर्षांपूर्वीचं शहर. सायकलीला याहून चांगलं काय? तर हा म्हणाला, सपाट. एकच शब्द. कच्छ खोडलं.

मग खालच्या ओळीत लिहिलं: बदामी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. १६ जानेवारीच्या गाडीचं आज सकाळी आठला. मुंबईहून सोलापूर, विजापूरमार्गे होसपेटला जाणारी गाडी, पुण्यात रात्री उशिरा येते, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत बदामी. झोपेत प्रवास, म्हणजे माझ्या वहीत शून्य तास वाया. थर्ड एसीची दोन तिकिटं काढली. याला संध्याकाळी सांगितलं.

"ठरलं कधी?"

"ठरलं नाही. रद्द केलं तर माणशी १८० रुपये जातील. तेवढ्यात विचार करायला दोन महिने मिळाले."

तो हसला नाही, पण जेवताना त्यानं स्वतःहून विचारलं की बदामीला देवळं सोडून काय आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

याच्या जुन्या ट्रेकिंग ग्रुपातला एक जण घरी आला होता. दर थंडीत बदामीला क्लाइंबिंगला जातो. पुण्यामुंबईची बरीच मंडळी जातात. त्यानं दोन वाक्यांत जे केलं ते मला पंधरा दिवसांत जमलं नव्हतं. म्हणाला, सह्याद्रीतला आपला बेसॉल्ट कधी हातात निघून येईल सांगता येत नाही. बदामीचा वालुकाश्म थराथरांचा, आडव्या कपाऱ्या बोटांत बसतात, मार्गांवर बोल्ट ठोकलेले. नवख्याला सोपे आहेत आणि 'गणेशा'सारखा ८बी प्लसचा देशातल्या महाअवघडांपैकी एकही तिथंच आहे. हंपीचा ग्रॅनाइट मात्र बोटांची सालटी काढतो, तिकडे नंतर जा.

मग दुसरं वाक्य: "आणि टॉप रोपवर चढतो आपण, पण खाली दोरच उतरवतो."

मी याच्याकडे बघितलं. हा गुडघ्याकडे बघत होता.

पाहुणा गेल्यावर नकाशा उघडला. बदामीच्या तळ्याला घोड्याच्या नालेसारखा लाल कड्यांचा वेढा. एका बाजूला लेणी, त्यांतल्या तिसऱ्यात मंगलेशाचा इ.स. ५७८ चा लेख. समोर उत्तरेचा किल्ला. १७८६ मध्ये मराठे आणि निजाम यांच्या फौजांनी हीच जागा वेढा घालून टिपूकडून घेतली होती. भूतनाथाच्या देवळांच्या बाजूनं डोंगरावर चढून महाकूटला जाणारी जुनी पायवाट आहे, तिथं झऱ्याचं पाणी भरलेली पुष्करणी. लोक पोहतात. माझी सोय झाली. पट्टदकल आणि पुढे ऐहोळे सायकलवर, जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर, मलप्रभेच्या काठाकाठानं. जानेवारीत रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असणार, दोन-दोन ट्रॉल्या लावून, गाणी लावून. आरसा लावायला हवा.

ऐहोळेला मेगुटीच्या टेकडीवरच्या जैन देवळात रविकीर्तीचा लेख आहे, शके ५५६ चा, म्हणजे इ.स. ६३४. त्यात कालिदास-भारवींची नावं आहेत, पुलकेशीनं हर्षाला अडवल्याची बढाई आहे, आणि नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांवर त्याचं राज्य असल्याचंही. हे कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. सायकल मारत जाऊन तो दगड बघायचा म्हटल्यावर अंगावर काटा आला. याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "टेकडी किती उंच आहे?" बरीच बुटकी आहे. सांगितलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार, चंपाषष्ठी

सकाळी आठला परतीची तिकिटं. नंतर भरीत-भाकरीचा नैवेद्य. पानावर बसल्यावर याने सहज म्हणून आईंना बदामी सांगितलं. आईंचा घास हातातच राहिला. "बदामी म्हणजे बनशंकरी. आपली कुलदेवता. आणि तुम्ही तिथं दोरीला लोंबकळायला चाललात?"

मला हे ठाऊक होतं. सांगायची वेळ मी शोधत होते. आई लग्नानंतर एकदा जाऊन आल्या आहेत, तेव्हा मीटरगेज होती. देऊळ गावापासून पाचेक किलोमीटर, समोर मोठा तलाव, बाहेर बायका टोपलीत ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दही घेऊन बसतात. ते सगळं त्यांनी असं सांगितलं की भरिताकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. शाकंभरीचं नवरात्र यंदा २८ डिसेंबरला बसतं, पौष पौर्णिमा ३ जानेवारीला, त्या दिवशी रथ. जत्रा पुढे दोन-तीन आठवडे चालते. म्हणजे आम्ही जाऊ तेव्हा शेपूट तरी असेलच.

शेपूट म्हणजे खोल्यांची मारामार. उद्याच फोन करते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मारामारच. तीन लॉजवाल्यांनी जत्रेचा भाव सांगितला, चौथ्यानं भाव न सांगता "या, बघू" म्हटलं. शेवटी बसस्टँडजवळ एक बरं हॉटेल मिळालं. पहिल्या मजल्यावरची खोली, पण माकडं आहेत, खिडकी उघडी ठेवायची नाही अशी ताकीद आधीच.

१३ डिसेंबर, शनिवार

भिंतीवर सराव. इनडोअर वॉलवर मी पंधरा फुटांवर अडकले आणि हा सरळ वर. खाली येताना दोरावर पाय सोडून बसला आणि पोरासारखा हसला. पुढचा अर्धा तास बिले देऊन, म्हणजे त्याचा दोर धरून, माझेच हात भरून आले. केदारकंठ्याचं पान त्यानं फाडलेलं नाही, पण त्याच्या पाठीवर शू आणि चॉकबॅगची यादी केली आहे.

दुपारचं ऊन तिथं जानेवारीतही तिशीला टेकतं, त्यामुळे सकाळी पश्चिमेकडे तोंड असलेले कडे, चारनंतर पूर्वेकडचे, मधल्या वेळात लेणी नाहीतर झोप. उजेड सव्वाअकरा तास. माझ्या वहीतल्या आकड्यांवर आता तोही वाद घालत नाही.

१४ जानेवारी २०२६, बुधवार, संक्रांत

सॅकमध्ये वर दोर, खाली हार्नेस, मधे आईंनी दिलेली ओटी: खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. नारळ काढून तिथं घेऊ म्हटलं तर "घरचाच न्यायचा." सायकली इथून नेत नाही, पार्सलच्या डब्यात चढवायची-उतरवायची कटकट नको, त्या पाहुण्याच्या ओळखीनं गावात दोन गिअरच्या मिळतायत. मिळाल्या नाहीत तर महाकूट आणि पट्टदकल पायी व बसनं.

आज हॉटेलवाल्याचा फोन. जत्रेतल्या नाटक कंपन्या अजून आहेत, रोज रात्री प्रयोग, मध्यरात्र उलटेपर्यंत. कन्नड मला चार शब्दांपुरतं येतं, याला तेवढंही नाही, तरी हा लगेच तयार. दोनला झोपून साडेसहाला कड्याखाली कसा उभा राहणार, विचारलं. बरीच घासाघीस झाली. ठरलं ते असं: नाटक एकच, तेही दुसऱ्या दिवशी सायकल असेल तेव्हा, चढाई असेल तेव्हा नाही. लिहून ठेवते, कारण तिथं गेल्यावर तो हे नाकारणार आहे.