मध्यंतराच्या बाजूने

पिक्चर सुटल्यावर थिएटरच्या दारात, पार्किंगमध्ये किंवा रिक्षाची वाट बघत लोक जे बोलतात, ती आपल्याकडची सर्वांत जुनी आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक चित्रपटसमीक्षा. तिची भाषा ठरलेली असते. ‘फर्स्ट हाफ मस्त होता, पण पुढे ढेपाळला.’ ‘इंटरव्हलपर्यंत काही कळतच नव्हतं, मग पकडला.’ ‘इंटरव्हलनंतर उगाच ताणलाय.’ पटकथा, संकलन, लय असले शब्द न वापरता माणसे दुखणे नेमके कुठे आहे ते सांगून मोकळी होतात, आणि सांगताना मोजपट्टी एकच वापरतात : मध्यंतराच्या अलीकडे की पलीकडे. आपल्या डोक्यात चित्रपट मुळातच दोन भागांत बसलेला असतो. असे असताना चित्रपटाबद्दल गांभीर्याने लिहिणारे लोक मध्यंतराचा विषय निघाला की जरा ओशाळतात. परदेशातून पाहुणे आले असताना घरातली मोडकी खुर्ची आत सरकवावी, तसे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. मध्यंतर हा आपल्या चित्रपटाचा अवयव आहे. तो कुठे आणि कसा पाडला यावरून दिग्दर्शकाची जात ओळखता येते, आणि तो हळूहळू नाहीसा होत चालला आहे ही आनंदाची गोष्ट नव्हे.

मध्यंतर आले कुठून, याचे तयार उत्तर यंत्राकडे बोट दाखवते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चौकटी या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला 90 फूट. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. तीन तासांच्या चित्रपटाला सोळा हजार फुटांहून जास्त फिल्म लागते, आणि ती पत्र्याच्या पेट्यांतून गावोगाव हिंडत असे. चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर येणाऱ्या सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर रिळांचा आकडा असायचा; तो सोळा-सतराच्या घरात दिसला की पैसे वसूल होणार याची खात्री पटायची. चांगल्या थिएटरात दोन प्रोजेक्टर असत. रीळ संपत आले की चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमके. तो दिसताच ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करी, काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की प्रकाश एका यंत्रावरून दुसऱ्यावर फिरवी, आणि खाली बसलेल्यांना पत्ताही लागत नसे. जत्रेतल्या तंबूत मात्र बहुधा एकच यंत्र. तिथे रीळ बदलेपर्यंत थांबावेच लागे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (2016) या माहितीपटात महाराष्ट्रातल्या अशा तंबूंचे शेवटचे दिवस दिसतात. ट्रकवर लादलेली जुनी यंत्रे, ती दुरुस्त करत बसलेला कारागीर, आणि मग एके दिवशी आलेली डिजिटल पेटी.

पण या उत्तराने प्रश्न सुटत नाही. मध्यंतर ही केवळ यंत्राची गरज असती, तर दोन प्रोजेक्टरांच्या थिएटरात ते कधीच उरले नसते. निदान रिळे गेल्यावर तरी ते त्यांच्याबरोबर जायला हवे होते. 1997 साली दिल्लीत देशातले पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पत्र्याच्या पेट्यांची जागा हार्ड डिस्कने आणि उपग्रहाने घेतली, तरी पडद्यावरची पाटी होती तिथेच आहे. अमेरिकेतही रिळे तितक्याच लांबीची होती. तिथे हिचकॉकने ‘रोप’ (1948) करताना दहा-दहा मिनिटांची अखंड दृश्ये घेतली आणि रीळ बदलण्याच्या बऱ्याच जागा कुणाच्या तरी कोटाच्या पाठीवर कॅमेरा नेऊन झाकल्या. यंत्र तेच, पण एकाला सांधा लपवावासा वाटला आणि आपल्याकडे त्याच सांध्यावर गोष्टीची गाठ मारली गेली. हा फरक यंत्रातून येत नाही, ऐकण्या-बघण्याच्या सवयीतून येतो.

आणि ती सवय चित्रपटाहून कितीतरी जुनी आहे. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग असतो आणि उत्तररंग असतो. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण करतात, म्हणजे तत्त्व मांडतात. उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून, माणसांच्या गोष्टीतून सिद्ध करतात. दोहोंच्या मध्ये बुवांच्या गळ्यात हार पडतो, बुक्का लावला जातो, नामाचा गजर होतो, मागे बसलेली मंडळी पाय मोकळे करतात. या थांबण्याला कुणी रसभंग म्हटल्याचे ऐकिवात नाही. उलट पूर्वरंगात जे ऐकले ते मुरायला तेवढा वेळ हवाच असतो, कारण पुढच्या आख्यानात ते आठवावे लागते. नाटकाची गोष्टही अशीच. 1880 च्या ‘संगीत शाकुंतल’च्या काळात नाटके चार-पाच अंकी असत आणि रात्र रात्र चालत; पुढे ती तीन अंकी झाली, आज सर्रास दोन अंकी आहेत. अंक घटत गेले, पण निदान एक पडदा मध्ये पडायचाच. मराठी आणि हिंदी बोलपटाची पहिली पिढी कीर्तन आणि नाटक यांवर वाढलेल्या माणसांची होती. विष्णुपंत पागनीस ‘संत तुकाराम’मध्ये (1936) येण्यापूर्वी रंगभूमीवर होते, बालगंधर्व स्वतः प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (1935) आले. प्रेक्षकही तेच. कीर्तनातून उठून टॉकीजमध्ये येऊन बसलेले. त्यांना दोन भागांत ऐकायची सवय नव्याने लावावी लागली नाही.

त्याआधीच्या मूकपटांबद्दल कुणी शंका काढेल. ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) उणापुरा पाऊण तासाचा. त्यात मध्यंतर कसले? खरे आहे. पण गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये तो दाखवला गेला तेव्हा खेळात नाच होता, विनोदी प्रवेश होता, पायांनी वस्तू झेलण्याची कसरतही होती. म्हणजे तेव्हा चित्रपटच इतर कार्यक्रमांच्या मध्ये बसला होता. एका दमात, अंधारात, कुठेही न थांबता बघणे ही चित्रपटाची जन्मजात रीत आहे, असे जे गृहीत धरले जाते, ते निदान आपल्या चित्रपटाला तरी लागू नाही.

आता मध्यंतर करते काय, ते बघू. ‘सैराट’ (2016) हे याचे मला दिसलेले सर्वांत धारदार उदाहरण. त्याचा पूर्वार्ध आपल्या परिचयाच्या प्रेमपटाचा : विहीर, ऊस, बुलेट, क्रिकेट, आणि अजय-अतुलची चारही गाणी. ‘झिंगाट’ला लोक खुर्च्या सोडून नाचत होते. उत्तरार्धात पळून गेलेली ती दोन पोरे हैदराबादच्या झोपडपट्टीत येऊन पडतात, आणि तिथून पुढे एकही गाणे नाही. भाषा कळत नाही, संडासाला लांब जावे लागते, संशय येतो, भांडणे होतात. नागराज मंजुळे यांनी हे दोन चित्रपट एकमेकांत मिसळले असते, थोडे गाणे आणि थोडे दुःख असा काला केला असता, तर तो सभ्य, समतोल चित्रपट झाला असता आणि विसरलाही गेला असता. त्यांनी तो दुभंगला. चहाच्या ग्लासाभोवती उभे राहून ‘आता बापाला समजावतील, लग्न होईल’ असा अंदाज बांधणारा प्रेक्षक आपणहून त्या प्रेमाचा साक्षीदार झालेला असतो. शेवटी त्या लहान मुलाच्या रक्ताळलेल्या पावलांचा धक्का एवढा बसतो, त्याचे एक कारण हे की आधीच्या आनंदात प्रेक्षक स्वतः नाचलेला असतो. मध्यंतराचे खरे काम हेच आहे : दिग्दर्शक दहा मिनिटांसाठी गोष्ट प्रेक्षकाच्या हवाली करतो आणि प्रेक्षक ती आपल्या परीने पुढे नेतो. मग परत बसल्यावर त्याची आणि दिग्दर्शकाची गोष्ट यांत जो फरक पडतो, त्यात चित्रपटाची निम्मी गंमत असते.

हे उसने देणे किती जोखमीचे असते ते राज कपूर यांनी दोनदा अनुभवले. ‘संगम’ (1964) जवळजवळ चार तासांचा, दोन मध्यंतरांचा. तो धो धो चालला. ‘मेरा नाम जोकर’ (1970) त्याहून लांब, तीन प्रकरणांचा आणि पुन्हा दोन मध्यंतरांचा, तो आपटला. कारणे अनेक सांगतात. मला एक जास्त पटते. ‘संगम’मध्ये एकच त्रिकोण होता, त्यामुळे प्रेक्षक बाहेर जाताना तोच प्रश्न घेऊन जात होता आणि तोच घेऊन परत येत होता. ‘जोकर’मध्ये प्रत्येक मध्यंतराला एक बाई गोष्टीतून निघून जाते आणि पुढे नवी येते. मागचा प्रश्न मिटलेला, पुढचा अजून पडलेला नाही. मग चहा पिताना बोलायचे काय? राजामौलींना ही नाडी पक्की सापडली. ‘बाहुबली’चा पहिला भाग 10 जुलै 2015 ला आला, दुसरा 28 एप्रिल 2017 ला. कटप्पाने बाहुबलीला का मारले या एका प्रश्नावर देशभर चाललेले ते पावणेदोन वर्षांचे मध्यंतरच होते.

विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की काही चित्रपट हे सहन करत नाहीत. हे मला मान्य आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ची ताकद त्याच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या अखंडतेत आहे, तारखा पडत जातात, काही घडत नाही, आणि ते न घडणेच आपल्यावर साचत जाते. तिथे मध्ये दिवे लागले तर साचलेले सांडते. किरण राव यांनी ‘धोबी घाट’ (2011) मध्यंतराविना दाखवायचा आग्रह धरला, तो त्यांचा हक्क होता. पण यातून सिद्ध होते ते एवढेच की मध्यंतर असावे की नसावे, हा त्या त्या चित्रपटाच्या घडणीचा प्रश्न आहे. ‘सेव्हन समुराई’ला (1954) कुरोसावाने मध्यंतर ठेवले, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ला होते, अगदी अलीकडे ‘द ब्रुटलिस्ट’मध्ये (2024) पंधरा मिनिटांचे आहे, पडद्यावर उलट मोजणी करणाऱ्या आकड्यांसकट. या तिघांवर मागासलेपणाचा आरोप कुणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. आपल्याकडचा खरा गुन्हा वेगळा. मध्यंतर नसलेल्या इंग्रजी चित्रपटात ते थिएटरवाले घालतात, आणि घड्याळ बघून घालतात. एखाद्या पात्राचे तोंड उघडे, वाक्य अर्धे, आणि दिवे लागतात. त्याबद्दल जितका संताप व्यक्त होईल तितका थोडाच. पण तो मध्यंतरावर काढू नये. ज्याला चित्रपट माहीत नाही त्याच्या हाती ते दिले गेले, यावर काढावा.

दुसरा आक्षेप पैशाचा : हे सगळे पॉपकॉर्नसाठी चालते, तुम्ही त्याला कलेचा मुलामा देता. पैशाचा भाग नाकारण्यात अर्थ नाही. मल्टिप्लेक्सच्या कमाईत खाण्यापिण्याचा वाटा मोठा आहे, आणि त्या किमतींवरून 2018 साली महाराष्ट्रात आंदोलने झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पण वड्यांची विक्री नाट्यगृहातही होते, आणि तरी दुसरा अंक कसा उघडायचा याचा नाटककार रात्र रात्र विचार करतो. आणि जुन्या टॉकीजच्या मध्यंतरात फक्त चहावाल्याचीच कमाई होत होती असेही नाही. पडद्यावर गावातल्या सराफाची, साड्यांच्या दुकानाची, सायकलवाल्याची काचेची स्लाइड येई, तिच्यातला एखादा ऱ्हस्व-दीर्घ हमखास चुकलेला. तालुक्याची सगळी बाजारपेठ क्षणभर हिंदी नायिकेच्या जागी उभी राहायची. हा धंदाच होता. पण आपण कोणत्या गावात बसलो आहोत याची आठवणही त्यानेच राहायची.

राहता राहिला घरचा पडदा. तिथे हवे तेव्हा थांबवता येते, मग वेगळे मध्यंतर कशाला, असे विचारतात. पण कुकरची शिट्टी झाली, दारावर पार्सल आले, फोन वाजला म्हणून चित्रपट थांबला, तर त्या जागेला अर्थ नसतो. ती कुणी निवडलेली नसते आणि त्या वेळी आपल्यासारखेच थांबलेले दुसरे कुणी नसते. गंमत म्हणजे मध्याची कल्पना कायद्याला मात्र अजून सोडवत नाही. तंबाखूचे दृश्य असेल तर इशाऱ्याची चित्रफीत सुरुवातीला आणि मध्ये दाखवा, असा नियम चित्रपटांसाठी 2012 पासून लागू आहे, आणि 2023 मध्ये तो ओटीटीलाही लावला गेला. तिकडे पाटीच नाही, तरी मध्य शोधावाच लागणार.

त्याहून गंभीर परिणाम पटकथेवर होतो आहे. थिएटर आणि ओटीटी अशा दोन्हींसाठी लिहिलेल्या अलीकडच्या कितीतरी चित्रपटांत मध्यंतर नुसते येते. त्याच्या आधी काही चढत नाही, नंतर काही वळत नाही. लेखकाने ते लिहिलेलेच नसते. संकलनाच्या टेबलावर किंवा त्याच्याही पुढे, थिएटरच्या वेळापत्रकात, कुणीतरी ते घुसवलेले असते, आणि मग दारातली समीक्षा म्हणते, ‘इंटरव्हल कधी झाला कळलंच नाही’. हे कौतुक असू शकते, पण बऱ्याचदा ती तक्रार असते. मध्यंतर नको असेल त्या दिग्दर्शकाने तसे स्पष्ट लिहून द्यावे आणि थिएटरांनी ते पाळावे. ज्याला हवे आहे त्याने मात्र ती पाटी कुठे येणार हे पटकथेच्या पहिल्या खर्ड्यातच ठरवावे.