माळ्यावरचा टीव्ही गेम

डोंबिवलीत एखाद्या जुन्या इमारतीच्या फाटकावर बिल्डरचा फलक लागला, की मी आधी तारीख विचारून ठेवतो. इमारत रिकामी कधी करायची आहे, ती तारीख. टिळकनगर, रामनगर भागांतल्या तीन-चार मजली सोसायट्या एकेक करून पुनर्विकासाला निघाल्या आहेत. ठाण्यात नौपाडा आणि पाचपाखाडीतही तेच चाललं आहे. भाड्याच्या घरात जाताना माणसं कपाट नेतात, फ्रिज नेतात, देव्हारा नेतात. माळ्यावरचं सगळं नेता येत नाही. पंचवीस-तीस वर्षं ज्या माळ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, तो चार दिवसांत उपसावा लागतो. गणपतीचं मखर, पितळी पिंप, पाळणा, मुलांच्या दहावीच्या वह्या, बंद पडलेला व्हीसीआर आणि त्याच्यामागे, साडीच्या खोक्यात नाहीतर दोरीने बांधलेल्या पिशवीत, वायरी गुंडाळून ठेवलेला टीव्ही गेम. मी त्याच्यासाठी जातो.

पोटापाण्याचा उद्योग माझा वेगळा आहे. पण जुने व्हिडिओ गेम शोधणं, उघडून साफ करणं, चालू करणं आणि त्यांची नोंद ठेवणं, हे काम मी जीव लावून करतो. अमेरिकेत लोक सुटीच्या सकाळी घरासमोर नको असलेलं सामान मांडून विकतात आणि तिथल्या संग्राहकांना त्या ढिगांत निन्टेन्डोच्या कॅसेटी सापडतात. आमच्या कल्याण-डोंबिवलीत घरासमोर अंगण नाही, आणि घरातली जुनी वस्तू दारात मांडून विकण्याची रीतही नाही. इथे वस्तू भाच्याला मिळते, गावच्या घरी जाते, भंगारवाल्याच्या गोणीत जाते. शोधणाऱ्याला या वाटा पाठ असाव्या लागतात. मुंबईत मटण स्ट्रीटचा चोरबाजार आहे, शुक्रवारी पहाटे तिथे रस्त्यावर माल मांडतात, तिथेही मी जातो. पण तिथली वस्तू आधीच चार हातांतून फिरलेली असते. ती कुठल्या घरातली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

माळ्यावर सापडतं काय, तर बहुतेक वेळा निन्टेन्डोची नक्कल. निन्टेन्डोने फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आणलं. त्याची चिप, त्याची रचना पुढे तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी उचलली आणि जगभर नकला पसरल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जो टीव्ही गेम आला, तो हाच. मीडिया कंपनीचे ‘लिटल मास्टर’ आणि ‘विझ किड’ अशी नावं ज्यांना आठवतात, ती माणसं आज चाळिशीत आहेत. ‘समुराई’ही आठवत असेल. त्याशिवाय मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणलेले, दुबईहून काकांनी आणलेले, कसलंही नाव नसलेले डबे तर असंख्य. काहींचा बाहेरचा आकार सेगाच्या यंत्रासारखा, आत मात्र फॅमिकॉमच. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं, आणि यादी खाली खाली नेली की तेच मोजके गेम वेगळ्या नावाने किंवा पुढच्या पातळीपासून पुन्हा यायचे. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा बॅटल सिटी, रोड फायटर, सर्कस चार्ली. हडसन कंपनीचा ‘अॅडव्हेंचर आयलंड’ तर अनेक कॅसेटींवर ‘आयलंडर’ या नावाने नांदत होता.

परदेशातला संग्राहक या वस्तूंकडे पाहून खोटा माल म्हणतो आणि पुढे जातो. आपल्याकडचे तरुण संग्राहकही आता तेच बोलू लागले आहेत. अस्सल जपानी फॅमिकॉम मागवतात, काचेच्या कपाटात ठेवतात. मला हे पटत नाही. अस्सल फॅमिकॉम जपानच्या घरांत खेळला गेला, त्याची जपणूक तिथे नीट चालली आहे. डोंबिवलीच्या एका खोलीत, चार भावंडांनी एकेक जीव वाटून घेत कॉन्ट्रा खेळला तो या नकलेवर. आपल्या घरांचा इतिहास या डब्यात आहे, आणि तो जपायला दुसरं कुणी येणार नाही. नाव नाही, माहितीपुस्तक नाही, आणलं कुणी आणि जोडलं कुठे याचा कागद नाही. म्हणून प्रत्यक्ष वस्तू आणि ती वापरलेली माणसं, एवढाच पुरावा उरतो.

अधिकृत मालही आला होता, आणि त्याची कथा फार विलक्षण आहे. सेगाचा मेगा ड्राइव्ह भारतात १९९५ मध्ये शॉ वॉलेसने आणला. तीच, तेव्हाची दारूच्या धंद्यातली मोठी कंपनी. आयात शुल्क ऐंशी टक्के होतं, ते चुकवायला सेगाने शॉ वॉलेसशी करार केला, तरी यंत्राची किंमत होती १८ हजार रुपये. त्या काळी एवढ्या पैशात कितीतरी घरांचा दोन-चार महिन्यांचा खर्च निघत असे. आमच्या मध्यमवर्गीय इमारतींत तो कुणी घेतला असेल, हे मला अवघड वाटतं. तरीही प्रत्येक माळ्यावर चढताना माझी नजर त्याला शोधत असते. शॉ वॉलेसचं नाव असलेलं खोकं किंवा पावती मिळाली, तर यंत्र बंद पडलेलं असलं तरी मी आनंदाने घरी आणीन.

अलीकडचा माल म्हणजे प्लेस्टेशन टू. त्याला जुना म्हणायला काही जण तयार नसतात, पण सोनीने त्याचं उत्पादन थांबवलं त्याला दशक उलटलं. ठाण्या-डोंबिवलीतल्या घरांत त्याच्या डिस्क प्लास्टिकच्या पाकिटांत, हाताने नाव लिहिलेल्या, ढिगाने मिळतात; त्या घरी किंवा दुकानात उतरवलेल्या प्रती. त्या ढिगात एखादी छापील मुखपृष्ठाची डिस्क असली तर हात थांबवावा. २००९ साली आलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हैदराबादच्या मंडळींनी बनवला होता, प्लेस्टेशन टूसाठी भारतात तयार झालेला तो पहिला गेम. ‘देसी अड्डा’मध्ये आपले गल्लीतले खेळ होते. ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ मुंबईच्या ट्राइन कंपनीचा. गेम म्हणून ते फार उत्तम होते असं मी म्हणणार नाही. पण विटीदांडू, कबड्डी आणि गल्ली क्रिकेट त्या यंत्रावर आणण्याची धडपड आपल्या माणसांनी केली होती, आणि त्या डिस्क आज दहा रुपयांच्या ढिगात पडलेल्या असतात. या मला अस्सल दुर्मिळ वस्तू वाटतात.

माळ्यावरून सुटलेली वस्तू भंगारात जाते, आणि तिथे वेळ फार कमी असतो. शीळफाट्यापासून डायघरपर्यंत भंगाराची गोदामं आहेत. कल्याणला लागून उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, मग फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचं गाव. आजही पत्त्यात कॅम्प नंबर एक ते पाच असं सांगतात. दुरुस्तीची, सुट्या भागांची, अडॅप्टरची दुकानं तिथे अजून टिकून आहेत आणि मला हवे ते कनेक्टर तिथेच मिळतात. भंगारात मात्र वस्तूची ओळख पहिल्याच दिवशी पुसली जाते. डबा फोडून प्लास्टिक एका गोणीत, बोर्ड दुसऱ्या गोणीत, वायरी तिसऱ्या. पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर मानेवरची तांब्याची गुंडाळी काढून घेतात आणि काच राहते. हा त्यांचा रोजचा धंदा आहे, त्यात त्यांचा दोष नाही. कल्याणच्या एका गोदामवाल्या चाचांशी माझी ओळख जुनी आहे. मी त्यांना एकच विनंती करून ठेवली होती: टीव्ही गेम आला तर फोडायच्या आधी बाजूला ठेवा, भाव किलोचा नको, नगाचा देईन. ते म्हणाले, “बेटा, रख दूँगा, लेकिन रविवार के पहले आना. सोमवार को गाडी भरती है.” तेव्हापासून माझा शनिवार ठरून गेला.

हातात वस्तू आली की काय पाहायचं, हे सांगतो. कॅसेट आधी तळहातावर तोलावी. जुन्या कॅसेटीत मोठा बोर्ड आणि पाय असलेल्या चिपा असतात, तिला वजन असतं. नंतरच्या स्वस्त कॅसेटीत छोटीशी पट्टी आणि तिच्यावर काळ्या इपॉक्सीचा एक थेंब. बाकी डबी पोकळ. थेंबवाली कॅसेट वाईट असं नाही, पण बिघडली तर तिला उघडून काही करता येत नाही. मग पिना पाहाव्यात. आपल्या यंत्रांची खाच बहुधा जपानी मापाची, साठ पिनांची. अमेरिकी कॅसेट बहात्तर पिनांची, ती इथे बसत नाही. पिनांवर हिरवट थर असेल तर घाबरू नये. कॅसेट चालली नाही की आपण सगळेच तिच्यात फुंकर मारत होतो. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात, त्यात आपल्या खाडीकाठच्या दमट हवेची भर. आधी साधा खोडरबर हलक्या हाताने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस. घासकागद कधीही लावू नये. पिनांवरचा पातळ मुलामा गेला की कॅसेट थोड्याच दिवसांची सोबती.

यंत्राच्या बाबतीत माझा नियम पक्का आहे: मिळाल्या मिळाल्या वीज जोडायची नाही. बरोबर आलेला अडॅप्टर त्याच यंत्राचा असतोच असं नाही. घरोघरी एका पिशवीत सगळे अडॅप्टर कोंबलेले असतात. अस्सल फॅमिकॉमच्या अडॅप्टरचं मधलं टोक ऋण असतं. नकलांमध्ये कधी ऋण, कधी धन. उलटा जोडला तर आतला व्होल्टेज रेग्युलेटर जाऊ शकतो. म्हणून आधी मीटर, मग स्क्रू काढून आतला बोर्ड पाहणं, फुगलेले कपॅसिटर बदलणं आणि सगळ्यात शेवटी टीव्ही. त्या टीव्हीसाठी माझ्या घरातली एक मोठी जागा कायमची गेलेली आहे. पिस्तूल घेऊन बदकं मारायचा ‘डक हंट’ नव्या सपाट टीव्हीवर चालतच नाही. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उजळतो. पिस्तुलातला प्रकाश ओळखणारा भाग तो उजेड पकडतो. हा सगळा हिशेब पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेला आहे. नव्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटतं आणि नेम चुकतो. तेव्हा पिस्तूल सापडलं की घरच्यांना मी लगेच विचारतो, जुना टीव्ही कुठे आहे?

घरच्यांशी बोलणं हा या कामाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. नौपाड्यात एका काकूंनी पिशवी पुढे केली आणि म्हणाल्या, “बघा हो, यातलं काही उपयोगाचं आहे का. आमच्या ह्यांनी पोरांना आणला होता. परीक्षेच्या वेळी ह्या पिशवीला कुलूप लावून ठेवायची मी.” पिशवीच्या तळाशी दोन रिमोट, बटणांचं रबर झिजलेलं, आणि एका रिमोटच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलेलं धाकट्याचं नाव. मी काकूंना पैसे विचारले, तर त्या रागावल्या. मग मी त्यांना म्हटलं, “काकू, पैसे नको असतील तर मला फक्त सांगा, तो कुठून घेतला, कधी घेतला, कोणत्या टीव्हीला लावत होता.” त्या अर्धा तास बोलल्या. बोनसच्या पैशातून, दिवाळीच्या आधी, ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून; शेजारची पोरं दुपारी येऊन बसायची आणि दर पोरामागे एक डाव ठरलेला असायचा. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. यंत्र स्वच्छ करून चालू केलं, तेव्हा त्यांच्या मुलाला, तो आता परदेशात असतो, चित्रफीत पाठवली. रिमोटवरचं नाव मी पुसलेलं नाही, पुसणारही नाही.

वहीवर माझा यंत्राइतकाच जीव आहे. कॅसेटीतला प्रोग्राम वाचून त्याची प्रत करून ठेवता येते, तेही मी करतो. जगभरचे हौशी लोक असे गेम उकलून त्यांची वर्गवारी लावत आहेत. पण मनीष मार्केटमध्ये घासाघीस कशी झाली, डोंबिवलीच्या कोणत्या गल्लीत तासाच्या भाड्याने गेम खेळायला मिळायचा, व्हिडिओ गेम पार्लरमधल्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला आपण त्यातल्या पात्रावरून ‘मुस्तफा’ का म्हणायचो, हे कोणत्याही चिपमध्ये साठवलेलं नाही. ते सांगणारी माणसं आत्ता आहेत.

तेव्हा एक विनंती. तुमची इमारत रिकामी व्हायची असेल, किंवा यंदाच्या दिवाळीत माळा साफ होणार असेल, तर टीव्ही गेम भंगारवाल्याच्या गोणीत टाकण्याआधी हातात घ्या. अडॅप्टर, रिमोट, कॅसेटी, खोकं, पावती, जे असेल ते एकाच पिशवीत ठेवा. सुटं झालं की पुन्हा जुळत नाही. हातात धरून खेळायच्या ब्रिक गेममध्ये सेल राहिले असतील तर ते आजच काढा, पाझरले की आतला पत्रा खातात. कोणताही अडॅप्टर लावून चालतो का ते पाहू नका. पिशवीत एक चिठ्ठी टाका: कुणी आणला, कुठून, कोणत्या साली, कोण कोण खेळायचं. ठेवायला जागा नसेल, तर जो कुणी हे जपतो त्याच्या हाती द्या, पण चिठ्ठीसकट द्या.