ब्रँडेडच घे!

झालं असं, की ऐन मीटिंगमध्ये दादाचा फोन. दादाचं जिंतूरला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटंसं दुकान आहे. "पंखा फिरायलाय, पण पडद्यावर काहीच येईना." आदल्या रात्री वीज तीन-चारदा गेली-आली होती म्हणे.

तो शुक्रवार होता, २८ जुलै २०२३. एक रुपयात पीक विमा निघायचं ते पहिलंच वर्ष आणि शेवटची तारीख ३१. दुकानासमोर रांग. आधी भरलेल्या अर्जांच्या पावत्या, सातबारे, पासबुकांचे स्कॅन, सगळं त्या एका डब्यात. बॅकअप? घरात सॉफ्टवेअर इंजिनियर असल्यावर बॅकअप कोण घेतो!

फोनवरच दादाकडून रॅम काढून पुसून परत बसवून घेतली. शेजारच्याचा मॉनिटर लावून पाहिला. साधी बीपसुद्धा नाही. प्रोसेसर सहसा मरत नाही, म्हणजे उरला मदरबोर्ड. "बोर्डच ना? आणतो की!" असं ऐटीत सांगून मी संध्याकाळी टापकीर गल्ली गाठली. चौथ्या पिढीच्या आय-थ्रीला चालणारा, एलजीए ११५० सॉकेटचा एक जुना बोर्ड घेतला आणि रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली.

शनिवारी सकाळी दुकानात कॅबिनेट उघडलं आणि माझी ऐट तिथेच संपली.

मंडळी, नेहमीच्या बोर्डाला चोवीस पिनांचा पॉवर कनेक्टर लागतो. या कंपनीच्या एसएमपीएसमधून निघत होता चौदा पिनांचा. साधा एसएमपीएस ३.३, ५ आणि १२ व्होल्ट वेगवेगळे देतो. हा मुख्यतः १२ व्होल्ट देणार आणि बाकीचे बोर्डाने स्वतः बनवायचे. हार्ड डिस्कची वीजसुद्धा मदरबोर्डातूनच! पुढच्या बटणाची वायर वेगळी, मागची पट्टी कॅबिनेटचाच भाग. थोडक्यात, त्या डब्यातल्या प्रत्येक वस्तूचं लग्न त्याच घरात लागलेलं. एक गेली की बाहेरची सून चालत नाही.

कंपनीने हे लपवलं होतं अशातला भाग नाही. असा एसएमपीएस वीज कमी खातो, यंत्र स्वस्त पडतं. ऑफिसात असे दोनशे डबे असतील तर बदली बोर्ड पुरवणारा माणूसही असतो. जिंतुरात कोण असणार?

खरी बोच वेगळीच होती. २०१४ मध्ये दादा परभणीहून असेंबल्ड मशीन आणणार होता. "असेंबल्ड काय घेतोस, ब्रँडेडच घे!" असं पुण्यातून फोनवर ठणकावून सांगणारा मीच होतो. दादाला ते आठवत होतं की नाही, माहीत नाही. तो काही बोलला नाही. बाहेर बसलेल्या एका काकांना एवढंच म्हणाला, "थोडा वेळ लागंल, चहा घ्या."

मग मी चाळीसेक किलोमीटरवरच्या परभणीला जाऊन साधं कॅबिनेट आणि साधा एसएमपीएस घेऊन आलो. जुन्या डब्यातून फक्त प्रोसेसर, रॅम आणि डिस्क उचलली. थर्मल पेस्ट लावली, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. विंडोज दोनदा रीस्टार्ट झालं आणि दादाचा डेस्कटॉप आला. पावत्या जशाच्या तशा! फक्त कोपऱ्यात विंडोज अॅक्टिव्हेट करा अशी पाटी. मूळ लायसन्सची किल्ली जुन्या बोर्डाच्या चिपमध्ये होती, ती बोर्डाबरोबर गेली. म्हणजे तेही विकत घेणं आलं.

रविवारी रात्री उशिरापर्यंत आम्ही दोघं फॉर्म भरत होतो. सोमवारी कळलं, मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली! असो.

ती एक रुपयाची योजना २०२५ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज १० चा आधारही संपला, आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. दादाचा परत फोन : "आता काय घेऊ?"

या वेळी मी उत्तर दिलं नाही. विचारलं, "बिघडलं तर परभणीत काय काय मिळतं?"

दादा हसला. म्हणाला, "हे चौदा सालीच इचारायचं होतंस."

म्हणजे आठवत होतं तर.